पडदा दुसऱ्यांदा सुटतो तेव्हा

डोळ्याच्या मागचा पडदा सुटतो, मोठ्या शहरात जाऊन शस्त्रक्रिया होते, पट्टी निघते, उजेड परत येतो. घरची माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात. मग दीड-दोन महिन्यांनी त्याच डोळ्यापुढं पुन्हा सावली धरते आणि घरात चौकशी सुरू होते. पोतं कोणी उचलायला लावलं? वाकून रोवणी कोणी केली? डोक्यावरून आंघोळ कोणी घातली? या चौकशीत कितीतरी बायकांनी आणि सुनांनी नको ते बोल ऐकले आहेत.

चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा. वैनगंगा इथं वळण घेऊन उत्तरेकडं वाहते, म्हणून महाशिवरात्रीला चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातला माणूस इथं स्नानाला लोटतो. जत्रा पांगल्यावर, मंदिराजवळच्या एका चहाच्या टपरीवर, या चौकशीवरूनच दोन माणसांचा वाद झाला. एक नागपुरात पडद्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर. दुसरे याच तालुक्यातले निवृत्त शिक्षक. त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा दोनदा सुटला, आणि आता ते गावोगावच्या डोळ्याच्या रुग्णांना सोबत घेऊन नागपूरला जातात. नाव छापू नका, असं दोघांनीही सांगितलं.

गुरुजी : मॅडम, पडदा पुन्हा का सुटला असं विचारलं की तुम्ही लोक डोळ्याच्या आतलं कारण सांगता. भोक खाली होतं, आत जाळी धरली, डोळा मऊ पडला होता. मला हे पटत नाही. माझ्या पडद्याचं कारण डोळ्यात नव्हतं, ते गडचिरोली-नागपूर रस्त्यावर होतं.

डॉक्टर : रस्ता डोळ्यात शिरून काय करतो तेही सांगते, पण आधी डोळ्यात काय होतं ते ऐका. वय वाढलं की डोळ्यातला पारदर्शक गर आकसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटा होतो. बहुतेकांचा तो सुखरूप सुटतो. काहींच्या पडद्याला तो कुठंतरी घट्ट चिकटलेला असतो, तिथं ओढ बसते आणि पडदा फाटतो. त्या भोकातून पाणी मागं शिरतं आणि पडदा भिंतीपासून उचलला जातो. भोक शोधून बंद करायचं, हे आमचं काम.

(हे आज साधं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी ते जगाला ठाऊक नव्हतं. सुटलेला पडदा म्हणजे गेलेला डोळा, असंच धरून चालत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ या डॉक्टरांनी 1920च्या दशकात दाखवून दिलं की मूळ दुखणं ते भोक आहे आणि ते बुजवलं तर पडदा बसतो. ते मान्य करून घ्यायलाही त्यांना वर्षं झगडावं लागलं.)

गुरुजी : माझं भोक बुजवलं होतं की. लेझर केलं, गॅस भरला. तरी पडदा सुटला.

डॉक्टर : पहिल्या शस्त्रक्रियेत शंभरातले साधारण 85 ते 90 पडदे बसतात. उरलेल्यांत पहिल्या काही दिवसांतच सुटला, तर एखादं भोक आमच्या नजरेतून निसटलेलं असतं, किंवा लेझरचा डाग पक्का होण्याआधी कड उघडलेली असते. ती जबाबदारी आमची, ती मी कोणावर ढकलणार नाही. पण तुमचा पडदा दोन महिन्यांनी सुटला. चौथ्या ते बाराव्या आठवड्यात सुटणारा पडदा बहुतेक वेळा एका वेगळ्याच कारणानं सुटतो. भोक पडतं तेव्हा पडद्याच्या मागच्या थरातल्या रंगाच्या पेशी त्यातून बाहेर सांडतात. त्या डोळ्यात तरंगतात, पडद्यावर बसतात, वाढतात आणि जखमेवर व्रण धरावा तसा पातळ पापुद्रा धरतात. मग तो पापुद्रा आकसायला लागतो. गोधडीचा एक टाका ओढला की सगळ्या कापडाला चुण्या पडतात, तसं पडद्याचं होतं. चुण्या पडलेला पडदा ताणला जातो, जुनं भोक उघडतं किंवा नवं पडतं. शंभर सुटलेल्या पडद्यांमागं पाच ते दहांत हे घडतं आणि शस्त्रक्रिया फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. या पेशींची वाढ रोखणारं खात्रीचं औषध आजही आमच्या हातात नाही.

गुरुजी : म्हणजे माझ्या बायकोनं दोन वर्षं जे ऐकवलं, सायकलवर धानाचं पोतं लादून आणलं म्हणून डोळा गेला...

डॉक्टर : पोत्याचा काही संबंध नाही. वाकल्यानं, शिंकेनं, बसच्या धक्क्यानं नीट बसलेला पडदा सुटत नाही. पहिले काही आठवडे जड उचलू नका असं आम्ही सांगतो ते जखम भरावी म्हणून. घरी जाऊन वहिनींना हे जरूर सांगा.

गुरुजी थोडा वेळ बोलले नाहीत. मला वाटलं वाद इथं संपला. तो खरा इथून सुरू झाला.

गुरुजी : बरं, पेशी सांडतात. कुणाच्या जास्त सांडतात?

डॉक्टर : भोक मोठं असेल, एकापेक्षा जास्त असतील त्यांच्या. डोळ्यात रक्त उतरलं असेल, सूज असेल, पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचाही थर उचलला जाऊन डोळा मऊ पडला असेल त्यांच्या. शस्त्रक्रियेआधीच चुण्या धरल्या असतील तर धोका अर्थातच फार. आणि पडदा जितके दिवस सुटा राहील तितका.

गुरुजी : हां! ते शेवटचं परत म्हणा.

डॉक्टर : जितके दिवस सुटा राहील तितका धोका वाढतो. नाकारते कुठं मी?

गुरुजी : नाकारत नाही, पण यादीत शेवटी म्हणता. आमच्याकडं ते पहिलं आहे. माझंच घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. धान कापणीच्या दिवसांत उजव्या डोळ्यात वरून काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं. दुखत काही नव्हतं. पापणी जड झाली असं वाटलं, म्हणून आरशासमोर उभा राहून मी बोटानं पापणी वर धरून पाहिली. सावली तिथंच. म्हटलं, मोतीबिंदू परत आला असेल. शेजारी म्हणाले, पुढच्या महिन्यात शिबिर आहे, तिथं दाखवा. दाखवलं तोवर मधली नजर गेली होती. मग चिठ्ठी, मग सोबतीला माणूस शोधणं, मग नागपूर. आता सांगा, माझ्या पेशी कधी सांडल्या? भोकाच्या दिवशी, की त्या महिनाभरात?

डॉक्टर : दोन्ही वेळी. पण यात आणखी एक आहे. सावली वरून उतरली म्हणजे पडदा खालून सुटला होता, कारण डोळ्यात चित्र उलटं पडतं. वरचा पडदा सुटला तर पाणी वजनानं खाली धावतं आणि दोन-चार दिवसांत माणूस घाबरून येतो. खालचा पडदा हळूहळू सुटतो, माणूस सहन करत राहतो. शिवाय आम्ही जो वायू किंवा सिलिकॉन तेल भरतो ते पाण्याहून हलकं, वर तरंगतं. वरच्या भोकाला त्याचा टेकू मिळतो, खालच्याला मिळत नाही. आणि सांडलेल्या पेशीही तळाशीच साचतात. म्हणून दुसऱ्यांदा सुटणारे पडदे बरेचदा खालूनच सुटतात. हा भाग तुमच्या डोळ्याचा होता. तो रस्त्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

गुरुजी : टाकता येतो. तुम्हीच म्हणालात, खालचा पडदा हळू सुटतो. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त सवड मिळते, तोच सगळ्यात उशिरा येतो. सवड होती ती आम्ही शिबिराची वाट पाहण्यात घालवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं की पुढं कधी सावली आली तर शिबिराची वाट पाहू नको.

इथं मी गुरुजींच्या बाजूनं आहे, हे लपवत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पडदा सुटण्याचा धोका थोडा असतो, शेकड्यात एखाद्याला किंवा त्याहून कमी, पण तो पुढं कित्येक वर्षं राहतो. शस्त्रक्रियेत भिंगाची मागची पिशवी फाटून गर पुढं आला असेल, तर तो अनेक पटींनी वाढतो. सरकारी, धर्मादाय आणि सेवाभावी संस्थांच्या शिबिरांनी या दोन जिल्ह्यांत हजारो माणसांना नजर परत दिली, हे ऋण मोठं आहे. पण त्या माणसाच्या हातात जो कागद दिला जातो त्यावर थेंबांची वेळ असते, चष्म्याचा नंबर असतो. डोळ्यासमोर अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेला विजेसारखी चमक, कुठल्याही बाजूनं सरकणारी सावली, आणि वेदना अजिबात नाही, ही चार लक्षणं क्वचितच असतात. पडद्याला वेदनेची जाणीवच नसते. आणि न दुखणाऱ्या दुखण्यासाठी धानाच्या हंगामात कोणी एसटीत बसत नाही. ‘मोतीबिंदू परत आला’ हा समजही उगाच पसरलेला नाही. शस्त्रक्रियेनंतर काहींच्या भिंगामागची पिशवी खरंच धूसर होते आणि लेझरनं ती साफ करतात. पण ती धूसरता महिन्यांत येते आणि सगळ्या नजरेवर येते. पडदा दिवसांत सुटतो आणि त्याची सावली एका बाजूनं येते.

डॉक्टर : गुरुजी, मान्य. पण नुसतं अंतर कमी करून सगळं सुटेल असं तुम्ही लोकांना सांगू नका. भिवापूरहून दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसाचाही पडदा मी पुन्हा सुटताना पाहिला आहे. मोठा मायनस नंबर असलेली तरुण मुलं, लहान लेकरं, मार लागलेला डोळा, यांत आम्ही वेळेत सगळं करूनही हरतो. तुमच्या भागात मोह वेचताना अस्वलानं तोंडावर पंजा मारलेली माणसं येतात. बांबू फोडताना चिपाट उडून डोळ्यात गेलेलं असतं, कधी गुलेरचा खडा लागलेला असतो. फुटलेल्या डोळ्यात आत जखम, रक्त आणि पेशी, सगळं एकदम असतं. तिथं पापुद्रा धरण्याचं प्रमाण साध्या फाटलेल्या पडद्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याला रस्ता काय करणार?

गुरुजी : त्या माणसाला पहिल्या दिवशी आरमोरी-ब्रह्मपुरी-नागभीड-उमरेड करत तुमच्यापर्यंत कोण आणतं, हे विचारा.

डॉक्टर : विचारते. पण अस्वलाच्या पंजाचं खापर एसटीवर फोडू देणार नाही. आणि दुसरी गोष्ट, जी तुमच्या जिल्ह्यांत मी प्रत्येकाला विचारते आणि बाहेरचे डॉक्टर विसरतात, ती सिकलसेल. सिकलसेल असलेल्या माणसाच्या पडद्याच्या कडेला रक्तवाहिन्या बंद पडतात, नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात, रक्त येतं, ओढ बसते आणि पडदा सुटतो. हा डोळा आधीच ओढीचा, त्यामुळं पुन्हा सुटण्याचा धोका आलाच. शिवाय डोळ्याभोवती बेल्ट बसवून पडदा टेकवण्याची जी जुनी पद्धत आहे, ती या रुग्णांत फार जपून करावी लागते. बेल्ट घट्ट झाला तर डोळ्याच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तुम्ही रुग्ण घेऊन येता तेव्हा सिकलसेलच्या तपासणीचं कार्ड खिशात घ्यायला लावा. एवढं एक काम कराल का?

गुरुजी : हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. करतो.

यानंतर पालथं झोपण्याचा विषय निघाला, आणि गंमत अशी की दोघांनी बाजू बदलल्या. रस्त्याला दोष देणारे गुरुजी पथ्यावर कडक झाले, आणि डॉक्टर सैल.

गुरुजी : मान खाली ठेवा म्हणजे ठेवाच. मी माझ्या माणसांना बसमध्येही सोडत नाही. पुढच्या सीटच्या दांड्याला टॉवेल गुंडाळायचा, त्यावर कपाळ टेकवायचं, नजर पायाकडं. नागभीडला गाडी थांबली की चहा स्ट्रॉनं द्यायचा, म्हणजे मान उचलायला नको. घरी बाज काढून टाकायची. जमिनीवर गादी, छातीखाली उशी. लोक हसतात, हसू द्या.

डॉक्टर : टॉवेलची युक्ती चांगली आहे. पण सगळ्यांना सारखं पालथं घालू नका. भोक कुठं आहे त्यावर ठरतं. वायूचा बुडबुडा भोकावर टेकला पाहिजे, एवढाच हेतू. भोक वर असेल तर नुसतं बसून राहणंही पुरतं, बाजूला असेल तर एका कुशीवर झोपायचं. ज्याच्या मधल्या भागाला टेकू हवा त्याला पालथं. वायू दोन आठवड्यांत जाणारा असतो, किंवा सहा-आठ आठवडे टिकणारा. पण लेझरचा डाग दहा-बारा दिवसांत धरतो, खरी महत्त्वाची मुदत तेवढीच. तेल भरलेल्यांनी मात्र उताणं झोपायचं टाळायचं, कारण ते पुढं सरकून भिंगाला आणि बुब्बुळाला लागतं. तुम्ही एका म्हाताऱ्या बाईला महिनाभर पालथं ठेवलंत, तिची मान आणि श्वास दोन्ही गेले तर? आणि तिनं कूस बदलली म्हणून पडदा सुटला, असं घरात कोणी म्हणता कामा नये. पुन्हा सुटण्यात त्याचा वाटा असलाच तर लहान असतो.

गुरुजी : मॅडम, तुम्ही सूट दिली की आमची माणसं पूर्ण सूट घेतात.

डॉक्टर : आणि तुम्ही धाक दिला की ती दुसऱ्यांदा सावली आल्यावर लपवून ठेवतात. आपल्यालाच बोल लागेल म्हणून. एक मावशी तीन आठवडे नातवालाही बोलली नव्हती. दुसऱ्यांदा सुटलेला पडदाही बसवता येतो. एकाहून जास्त शस्त्रक्रिया धरल्या तर शेवटी शंभरातले 95च्या आसपास पडदे बसतात. नजर किती परत येईल ते वेगळं, ते मधला भाग किती दिवस सुटा होता त्यावर. पण लपवलेले तीन आठवडे मला परत मिळत नाहीत.

हा मुद्दा मला या सगळ्या वादातला सगळ्यात मोलाचा वाटला. धाकानं केलेलं पथ्य उशीर घडवतं आणि उशीर पापुद्रा घडवतो. घरातली ती चौकशी नुसती अन्यायाची नाही, ती पडद्यालाही घातक आहे.

गुरुजींनी मग पैशाचा विषय काढला, पण फार ताणला नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात गडचिरोली होता. तीच पुढं 2017 मध्ये महात्मा फुले यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. शस्त्रक्रियेचा खर्च हा अनेकांसाठी आता पहिला अडसर उरलेला नाही, असं त्यांचंच म्हणणं. अडसर सोबतीचा आहे. तेंदूच्या तोडणीत मे महिन्याच्या रोजीवर पाणी सोडून नागपूरला चार दिवस कोण राहील? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तेव्हा तारखेला कोण पोचेल?

डॉक्टर : आणि नेमकी तारीखच चुकवून चालत नाही. विशेषतः तेलवाल्यांची. पापुद्रा धरलेल्या पडद्यात वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. कुठलं चांगलं यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, 1992 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जास्त टिकणारा वायू आणि तेल जवळपास सारखे ठरले. मी लांबच्या रुग्णाला तेल भरते, कारण वायू विरेपर्यंतचं पथ्य आणि तपासण्या त्याला झेपत नाहीत. पण तेल कायमचं नसतं. साधारण तीन ते सहा महिन्यांत काढायचं असतं. राहिलं तर त्याचे बारीक थेंब होतात, डोळ्याचा दाब वाढतो, बुब्बुळ पांढरं पडतं. आणि काढलं की टेकू जातो. खालच्या कडेला कुठं ओढ उरली असेल तर पडदा तेव्हाच सुटतो. म्हणून तेल काढण्याआधी आणि नंतर बाहुली मोठी करून कडेपर्यंत पाहणं सक्तीचं.

गुरुजी : तेल काढलं तर पडदा सुटतो, ठेवलं तर दाब वाढतो. मग माणूस घरीच बसतो, ‘आता दिसतंय ना थोडं’ म्हणत. माझ्या ओळखीत असे किती तरी आहेत.

डॉक्टर : म्हणून तर ते आले पाहिजेत. आणि आले की दुसरा डोळाही दाखवला पाहिजे. ज्याचा एक पडदा सुटला त्याच्या दुसऱ्या डोळ्याला दहात एक इतका धोका असतो. तिथं नवं भोक वेळेत सापडलं तर बाहेरूनच लेझर करून काम भागतं, ना तेल, ना पालथं झोपणं.

गुरुजी : मग मला तुमच्या दवाखान्यातली यादी द्या. चामोर्शी, मुलचेरा, एटापल्ली, आष्टीकडचे ज्यांच्या डोळ्यात अजून तेल आहे त्यांची नावं. मी एकेकाच्या दारात जातो.

डॉक्टर : नावं देता येणार नाहीत, गुरुजी. रुग्णाची माहिती आहे ती.

गुरुजी : माझ्यावर विश्वास नाही?

डॉक्टर : तुमच्यावर आहे. पण उद्या दुसरा कोणी मागेल. फोन आमच्याकडून करवते मी, याच आठवड्यात.

गुरुजी : फोन! त्यातले निम्मे नंबर मुलाचे, मुलगा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. नाहीतर टॉवरच नाही. तुमची बाई दोनदा लावेल आणि ‘लागत नाही’ असं लिहून मोकळी होईल.

डॉक्टर : मग असं करते. तेल भरतानाच, सुट्टी देताना रुग्णाला विचारायचं, की तुमच्या गावच्या आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला तारीख कळवू का? हो म्हणाले तर सही घ्यायची. जुन्या रुग्णांना पुढच्या तपासणीत विचारू.

गुरुजी : जुने येत नाहीत, तोच तर वाद आहे.

डॉक्टर : त्यांच्यासाठी आरोग्य केंद्रालाच पत्र देते. नाव नाही, नुसतं एवढंच की नागपूरला पडद्याचं ऑपरेशन होऊन तेल भरलेलं कोणी गावात असेल तर आशाताईंनी विचारावं आणि पाठवावं. गावात सगळ्यांना ठाऊकच असतं ना, कोणाचा डोळा झाला ते?

गुरुजी : ठाऊक असतं. पत्र मराठीत लिहा, आणि तेंदू सुरू व्हायच्या आधी पाठवा. आणि त्या सहीच्या कागदावर आणखी एक रकाना करा.

डॉक्टर : कसला?

गुरुजी : सोबत कोण येणार, त्याचं नाव. ते रिकामं राहिलं तर माझा नंबर टाका.